शिंदेशाहीतली तोड्याची बंदूक गेममध्ये उतरवताना

तोड्याच्या, म्हणजे जळत्या दोरीने पेटणाऱ्या बंदुकीचं मॉडेल करायला बसलात की पहिला तास नळीवरच्या सोनेरी नक्षीत घालवू नका. तो चाप आणि घोड्यावर, म्हणजे तोडा धरणाऱ्या कांबीवर घालवा. खेळणाऱ्याच्या डोळ्यासमोर ही बंदूक तासन्‌तास असते. नक्षी दोन मिनिटांत नजरेआड होते, पण चाप ओढल्यावर घोडा चुकीच्या दिशेला पडला तर ते दर गोळीला खटकतं. इथे दिलेली पद्धत ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करून ते माउंट अँड ब्लेड : वॉरबँड या गेममध्ये घालण्याची आहे. दुसऱ्या गेमसाठी शेवटचा टप्पा बदलेल, आधीचं सगळं तसंच चालेल.

आधी साल ठरवा

‘मराठ्यांची बंदूक’ असं एकच हत्यार नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांपुरतं बघितलं तरी शंभर वर्षांत तीन वेगळ्या यंत्रणा येऊन जातात. तोड्याची बंदूक जळत्या दोरीने पेटते, चकमकीची बंदूक गारगोटीच्या ठिणगीने आणि टोपीची बंदूक तांब्याच्या छोट्या टोपीतल्या स्फोटकाने. महादजी शिंद्यांनी 1784 मध्ये डी बॉयन या युरोपी सेनानीला चाकरीत घेतलं आणि कंपू, म्हणजे कवायती फौजा उभ्या राहिल्या. त्यातल्या तेलंगा पलटणींकडे संगीन लावलेल्या चकमकीच्या बंदुका होत्या, तर नजीब शिपायांकडे तोड्याच्या. म्हणजे 1790 ची मेडत्याची लढाई किंवा 1 नोव्हेंबर 1803 ची लासवारी करायची असेल तर दोन्ही बंदुका एकाच फौजेत लागतील. सगळ्यांच्या हाती एकच मॉडेल दिलंत की ती फौज खोटी पडते.

1857-58 चं ग्वाल्हेर करणार असाल तर ग्वाल्हेर कंटिंजेंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या शिपायांना टोपीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक द्या. एनफिल्ड रायफल तेव्हा नुकतीच येत होती, ती सरसकट प्रत्येकाच्या खांद्यावर टाकू नका. ही चूक मॉडमध्ये, म्हणजे हौशी लोकांनी गेममध्ये केलेल्या बदलांमध्ये बरीच दिसते.

इथून पुढे बोलतोय ते फक्त तोड्याच्या बंदुकीबद्दल. हिंदुस्थानी घडणीची ही बंदूक युरोपी मस्केटपेक्षा दिसायला आणि चालायला वेगळी आहे, आणि तयार मॉडेलं जवळजवळ सगळी युरोपी असतात.

संदर्भ गोळा करणं

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातल्या संग्रहालयात शस्त्रं मांडलेली आहेत. फोटोची परवानगी तिकिटाच्या खिडकीवरच विचारा, फ्लॅश बंद ठेवा. काचेच्या कपाटासमोर गडद शर्ट घालून उभे राहिलात तर प्रतिबिंब बरंच कमी होतं. बंदुकीच्या अगदी जवळ जाऊन फोटो काढू नका. शक्य तितकं मागे सरका आणि झूम करा, कॅमेरा नळीच्या बरोबर मधोमध आणि काटकोनात धरा. मोबाइलच्या रुंद भिंगाने जवळून काढलेल्या फोटोत दोन्ही टोकं ताणली जातात आणि त्यावरून केलेला दस्ता केळ्यासारखा वाकतो.

मापासाठी न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमचा ऑनलाइन संग्रह उपयोगी आहे. 2017 पासून त्यांनी हक्कमुक्त वस्तूंचे फोटो खुले केले आहेत आणि बहुतेक नोंदींत लांबी, नळीचा आतला व्यास आणि वजन दिलेलं असतं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीजच्या संग्रहातही हिंदुस्थानी तोड्याच्या बंदुका आहेत. एकाच बंदुकीची मापं घ्या. एकीची नळी, दुसरीचा दस्ता आणि तिसरीचा चाप जोडला तर प्रमाण बिघडतं आणि ते का बिघडलंय हे नंतर कळतही नाही.

फोटो आरशासारखा उलटलेला नाही ना, हे तपासायची सोपी खूण आहे : रंजकाची, म्हणजे बार पेटवायच्या दारूची वाटी नळीच्या उजव्या बाजूला असते. ती डावीकडे दिसली तर फोटो उलटा आहे.

लाकूड आणि लोखंडाचे पोत मात्र ग्वाल्हेर गावातच मिळतात. लष्कर नावाच्या भागातल्या जुन्या वाड्यांचे दरवाजे, कड्या आणि कोयंडे यांवर शंभर वर्षांची हाताची झिलई आहे, तीच दस्त्यावर हवी. दुसऱ्याचं दार आहे, घरच्यांना विचारून फोटो काढा. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या उन्हात काढलेले पोत कामाचे नाहीत. सावली फोटोतच छापली जाते आणि गेममधला सूर्य दुसरीकडे गेला की दोन सावल्या दिसतात. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी साडेआठ-नऊचा उजेड यासाठी उत्तम, कारण तो सगळीकडून सारखा येतो.

बंदुकीची रचना

नळी लांब, मागे जाड आणि पुढे निमुळती होत जाते. पुष्कळ बंदुकांत तोंडाशी पुन्हा फुगवटा असतो. त्यावर पुढे माशी, मागे खाच असलेली उभी पट्टी. दस्ता सडसडीत, जवळपास सरळ, मागच्या बाजूला पंचकोनी किंवा चौकटीसारखा छेद असलेला. युरोपी मस्केटसारखा रुंद, खाली झुकलेला कुंदा इथे नाही. नळी दस्त्याला धातूच्या पट्ट्यांनी, तारेने किंवा चामड्याच्या वाद्यांनी बांधलेली असते. नळीखाली दारू ठासायचा गज. यंत्रणेच्या जागी दस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी पत्रे. उजव्या बाजूला वाटी, तिच्यावर आडवं फिरणारं झाकण, वाटीच्या तळातून नळीत जाणारं बारीक छिद्र म्हणजे कान. कान मोकळा करायची सळई बऱ्याचदा साखळीने दस्त्यालाच लटकवलेली असते.

आता घोडा. तोडा धरणारी ही कांब नळीच्या मागे, दस्त्यात कोरलेल्या खाचेतून वर येते. चाप मागे ओढला की आतला दांडा तिला ढकलतो आणि ती पुढे, म्हणजे बंदुकीच्या तोंडाच्या दिशेने झुकून वाटीत उतरते. युरोपी तोड्याच्या बंदुकीत ती बहुधा उलट, नेम धरणाऱ्याकडे येते. म्हणून तयार युरोपी ॲनिमेशन इथे लावता येत नाही. दुसरा फरक असा की इथे ‘खट्’ करून सुटणारी कमान नाही. बोट जितकं सरकेल तितका घोडा सरकतो. बोट अर्ध्यात थांबलं तर घोडाही अर्ध्यात थांबतो.

ब्लेंडरमधलं काम

एकक मेट्रिक, स्केल 1. दृश्याचं क्लिप स्टार्ट 0.001 मीटरवर आणा, नाहीतर वाटीजवळ झूम केलं की मॉडेल कापलं जातं. संदर्भ चित्र टाकून त्यावर नोंदीतल्या लांबीइतका एक साधा ठोकळा ठेवा आणि चित्र त्याच्या मापाचं करा. लांबी साधारण दीड मीटरच्या पुढेच असते. तुमची 120 सेंटिमीटर भरली तर चित्राचं माप चुकलंय किंवा ती स्वाराची आखूड बंदूक आहे.

क्रम असा ठेवा : नळी, वाटी, घोडा, चाप, मग दस्ता. दस्ता शेवटी, कारण तो बाकी सगळ्यांभोवती बसतो. आधी केलात तर चार वेळा मोडावा लागतो.

नळीला 24 बाजू पुरतात. पहिल्या व्यक्तीच्या नजरेच्या गेममध्ये तोंडाची कड डोळ्यासमोर येत नाही, पण मागचा भाग सतत दिसतो. तिथे कडा गोल करायला जास्त त्रिकोण खर्च करा. बंदूक डोळ्यासमोर दिसणाऱ्या गेममध्ये पूर्ण बंदुकीला 15 ते 20 हजार त्रिकोण घ्या, वॉरबँडसारख्या शंभर-दोनशे शिपाई एकदम दिसणाऱ्या गेममध्ये 3 ते 4 हजार. नळीच्या वाद्या पोतात रंगवू नका. त्यांचा उंचवटा कडेने दिसतो, तो प्रत्यक्ष आकारातच हवा. उलट पत्र्यावरचे खिळे, कोरीव रेघा, दस्त्यावरचे ओरखडे हे सगळं जास्त त्रिकोणांच्या मॉडेलवरून नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात उतरवा.

घोडा, चाप, झाकण, गज आणि सळई हे पाच भाग वेगळे ठेवा आणि प्रत्येकाचा मूळबिंदू त्याच्या खिळ्यावर आणा. चापाला 12 अंश आणि घोड्याला 50 अंश फिरू द्या. ड्रायव्हर, म्हणजे एका भागाची हालचाल दुसऱ्याला बांधणारी ब्लेंडरमधली सोय लावून घोड्याचं फिरणं चापाच्या साधारण चौपट करा, म्हणजे दोन्ही कायम जोडलेले राहतात. पूर्ण फिरल्यावर तोड्याचं टोक वाटीच्या मध्यात, तळापासून दोन-तीन मिलिमीटर वर आलं पाहिजे. ते वाटीच्या कडेवर आपटत असेल तर घोड्याची लांबी बदलू नका, खिळा पुढे-मागे सरकवा. मूळ कारागिराचं माप बहुतेक बरोबर असतं, आपला अंदाज खिळ्याच्या जागेत चुकतो.

यूव्ही आणि पोत

यूव्ही म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग उलगडून सपाट चित्रावर मांडणं. लांब बंदुकीची खरी अडचण इथे येते. 1.6 मीटर लांबीची बंदूक 2048 पिक्सेलच्या चित्रावर सरळ आडवी पसरली तर सेंटिमीटरला जेमतेम 12.8 पिक्सेल मिळतात. दस्ता आणि नळी मधोमध कापून तुकडे एकाखाली एक ठेवले की तेच 25.6 होतात. काप वादीच्या खाली घ्या, शिवण दिसत नाही.

कोफ्तगिरीची, म्हणजे लोखंडात ठोकून बसवलेल्या सोन्या-चांदीच्या तारेची रेघ अर्ध्या मिलिमीटरची धरली तर 25.6 च्या घनतेत तिला सव्वा पिक्सेल मिळतो आणि ती धूसर पिवळा डाग होते. स्वच्छ दिसायला किमान दोन पिक्सेल, म्हणजे सेंटिमीटरला 40 पिक्सेल लागतात. म्हणून नळीचा मागचा वीतभर भाग आणि बाजूचे पत्रे यांना यूव्हीत जास्त जागा द्या आणि दस्त्याच्या तळाची जागा तितकी कमी करा. सगळीकडे सारखी घनता हा नियम इथे मोडलेलाच बरा.

दस्त्याच्या दोन बाजू एकावर एक ठेवून जागा वाचवता येते. पण बेक करण्याआधी, म्हणजे मॉडेलचे तपशील चित्रात उतरवण्याआधी, एक बाजू यूव्हीत बरोबर एक घर बाजूला सरकवा. नाही सरकवली तर दोन्ही बाजूंचे किरण एकाच पिक्सेलवर लिहितात आणि काळे चट्टे येतात. बेकआधी मॉडेलचे त्रिकोण करून घ्या. गेमने नंतर वेगळे त्रिकोण पाडले तर गुळगुळीत नळीवर तिरक्या रेघा दिसतात. टोकदार कडा असतील तिथे यूव्हीही कापा.

आधुनिक इंजिनसाठी धातूचे रंग ठरलेले आहेत, डोळ्याने जुळवू नका. रेषीय मूल्यांत (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) लोखंड 0.56, 0.57, 0.58, सोनं 1.0, 0.77, 0.34, चांदी 0.97, 0.96, 0.91. तिन्हींचं मेटॅलिक 1. गंज धातू नाही, त्याचं मेटॅलिक 0. लाकडाचंही 0, खडबडीतपणा 0.4 ते 0.6. वॉरबँड जुन्या पद्धतीचा आहे. त्याला रंगाचं चित्र, नॉर्मल मॅप आणि स्पेक्युलर मॅप लागतो, म्हणून तिथे लोखंडाचा रंग गडद राखाडी करून चमक स्पेक्युलरमध्ये टाकावी लागते. चित्रं डीडीएस स्वरूपात, मिपमॅपसह, म्हणजे लांबून दाखवायच्या लहान प्रतींसह साठवा. पारदर्शकता नसेल तर डीएक्सटी1, असेल तर डीएक्सटी5.

झीज कुठे असते? डावा हात धरतो त्या जागी, गाल टेकतो तिथे, गजाच्या टोकाला आणि झाकणाच्या कडेला. वाटीभोवती आणि कानापाशी दारूची काजळी, आणि तिच्यामुळे खाल्लेलं लोखंड. दस्त्याचा वाटीलगतचा भाग ठिणग्यांनी करपलेला. सगळीकडे सारखे ओरखडे मारणारं स्वयंचलित साधन वापरलंत तर बंदूक वापरलेली न दिसता फेकून दिलेली दिसते.

भरणं, पेटवणं, धूर

ज्या इंजिनमध्ये हाडं लावून ॲनिमेशन करता येतं तिथे क्रम असा दाखवा. घोड्यातून तोडा काढून डाव्या हाताच्या बोटांत, दारूपासून लांब धरायचा. नळीत दारू, मग गोळी, गजाने ठासायचं. वाटीत रंजक घालून झाकण बंद. तोडा फुंकून राख उडवायची, घोड्यात परत बसवायचा, झाकण उघडायचं, मग नेम. तोडा काढायची पायरी बहुतेक मॉडवाले गाळतात आणि मग दारू ओतणाऱ्या हाताशेजारी जळती दोरी लोंबत राहते. जाणकाराला ते बघवत नाही.

चकमकीच्या बंदुकीचा तरबेज शिपाई मिनिटाला तीन बार काढतो, म्हणजे भरायला वीस सेकंदांच्या आत. तोड्याच्या बंदुकीला याच्या किमान दुप्पट वेळ द्या. गेमसाठी फार वाटला तर दोन्ही सारख्याच प्रमाणात घटवा, उदाहरणार्थ 9 आणि 18 सेकंद. आकडे काहीही ठेवा, फरक राहिला पाहिजे, कारण कंपूंची ताकद त्या फरकातच होती.

चाप पूर्ण ओढल्यावर आधी वाटी भडकते, मग बार होतो. मध्ये 0.1 ते 0.2 सेकंद ठेवा, दरवेळी थोडं कमी-जास्त. आवाजही दोन भागांत, आधी ‘फुस्स’, मग बार. धुराचे दोन स्रोत लागतील : वाटीतून वर जाणारा छोटा आणि तोंडातून पुढे जाणारा मोठा. काळ्या दारूचा धूर पांढरा आणि दाट असतो, तो 6 ते 10 सेकंद रेंगाळू द्या आणि वाऱ्याने सरकू द्या. करडा, लगेच विरणारा धूर आजच्या दारूचा आहे.

नेमासाठी मध्यरेषेपासून 0.6 अंशाचा शंकू घेतलात तर 100 मीटरवर गोळी मध्यापासून साधारण एक मीटरपर्यंत कुठेही जाईल. गुळगुळीत नळीला ते शोभतं. पावसात ठरावीक बार फुकट जाऊ द्या. रात्री तोड्याच्या टोकाला नारिंगी ठिपका आणि वीतभर उजेड ठेवा, त्यावरून दडून बसलेला शिपाई शत्रूला दिसतो. खेळण्याची पद्धतच बदलते.

वॉरबँडमध्ये घालणं

वॉरबँडमध्ये बंदुकीला हाडं नाहीत, मॉडेल स्थिर असतं. म्हणून घोडा अर्ध्यावर, झाकण उघडं ठेवून सगळे भाग एकत्र करा. ओपनबीआरएफ या वॉरबँडच्या मॉडेल फाइली उघडणाऱ्या साधनात गेममधलं चकमकीचं पिस्तूल उघडा, ओबीजे म्हणून बाहेर काढा आणि ब्लेंडरमध्ये तुमच्या बंदुकीशेजारी आणा. तुमची मूठ त्याच्या मुठीवर आणि नळी त्याच्या दिशेत बसवा, मग फिरणं आणि स्केल अप्लाय करा. हे केलं नाही तर बंदूक शिपायाच्या कोपरातून बाहेर येते किंवा आडवी दिसते.

ओबीजे पुन्हा ओपनबीआरएफमध्ये आणा, मटेरियल आणि टेक्सचर जोडा, तिथेच एलओडी, म्हणजे लांबून दाखवायच्या साध्या आवृत्त्या तयार करून घ्या आणि फाइल मॉडच्या रिसोर्स फोल्डरमध्ये ठेवा. मॉड्यूल डॉट आयएनआय फाइलमध्ये तिचं नाव ‘लोड मॉड रिसोर्स’ या ओळीने द्यायचं, शेवटचं बीआरएफ न लिहिता. ‘लोड रिसोर्स’ लिहिलंत तर गेम तिला मुख्य फोल्डरमध्ये शोधतो आणि सापडली नाही म्हणून अडतो.

मग मॉड्यूल सिस्टिममधली, म्हणजे मॉड बांधायच्या फाइलींच्या संचातली आयटम्सची फाइल. पिस्तुलाची पूर्ण ओळ नक्कल करा, प्रकार मस्केटचा करा, रोखण्याचे आणि भरण्याचे फ्लॅगही मस्केटचे लावा. घोड्यावर बसून भरता येत नाही असा फ्लॅग लांब बंदुकीला जरूर द्या. वजन 4 च्या आसपास, गोळ्या 1, अचूकता आणि वेग पिस्तुलापेक्षा कमी. भरण्याचा वेळ त्या वेगाच्या आकड्यावरच ठरतो, तो बदलून घड्याळ लावून पाहा. नवी नोंद यादीच्या शेवटी, अखेरच्या खुणेच्या नोंदीआधी टाका. मध्ये घातलीत तर पुढच्या सगळ्या वस्तूंचे क्रमांक सरकतात आणि जुन्या सेव्ह फाइलमध्ये शिपायाच्या हातात बंदुकीऐवजी भलतंच काही येतं.

धुराची जागा त्याच ओळीच्या शेवटी, शस्त्र चालवल्यावर चालणाऱ्या ट्रिगर नावाच्या कोडमध्ये असते. तिथले आकडे सेंटिमीटरमध्ये आहेत. पिस्तुलाचे तसेच ठेवले तर धूर नळीच्या मधूनच निघतो. एक बार मारा, चित्र थांबवा, धूर किती मागे आहे ते पाहून आकडा वाढवा. तीन-चार फेऱ्यांत जागेवर येतो. वाटीसाठी दुसरा, छोटा स्रोत जोडा. गोळीला उशीर मात्र इथे देऊ नका. गोळी त्या ट्रिगरबरोबरच सुटते, आणि धूर-आवाज मागे राहिले तर गेम अडकल्यासारखा वाटतो.

बिल्ड करताना पायथन 2.7 लागतं, 3 चालत नाही. पहिल्याच ओळीवर चूक दाखवत असेल तर आधी हेच तपासा. त्यानंतर मॉड्यूल इन्फो फाइलमधला फोल्डरचा पत्ता.

गेममध्ये बंदूक पांढरी दिसली तर टेक्सचरचं नाव जुळत नाही. उजेड खालून पडल्यासारखा वाटला तर नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल उलटा आहे : ब्लेंडर ओपनजीएल पद्धतीने लिहितो, काही इंजिनांना डायरेक्टएक्स पद्धत लागते, तेवढा एक चॅनल उलटवा. लांबून बंदूक चमचमत असेल तर मिपमॅप साठवलेले नाहीत.

प्रकाशित करण्याआधी दोनशे शिपायांची लढाई लावा आणि बंदुकीसह व बंदुकीशिवाय फ्रेम मोजा. फरक मोठा आला तर बहुधा बंदुकीचा दोष नसतो, धुराचे कण जास्त झालेले असतात. त्यांची संख्या निम्मी करून आकार दीडपट करा, दाटपणा तसाच राहतो.